गृध्रसी आणि मंगोलियाची तापवलेली सुई

कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत कळ नेणाऱ्या सायटिकाला आयुर्वेदात गृध्रसी म्हणतात; रुग्णाची चाल गिधाडासारखी होते म्हणून हे नाव, आणि मला ते फार नेमके वाटते. मंगोलियाच्या पारंपरिक वैद्यकाबद्दल वाचताना मला आयुर्वेदाशी जुळलेली नाळ सापडली, कारण तिबेटमार्गे तिथे पोहोचलेले खी, शार आणि बदगन हे तीन घटक म्हणजे आपले वात, पित्त आणि कफच होत. तिथले वैद्य अशा दुखण्यावर शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर सुई, बरेचदा चांदीची, टोचून तिला ऊब देतात. चांदी उष्णतेची उत्तम वाहक असल्याने ती ऊब आतपर्यंत पोहोचते. पूर्वी यासाठी दवण्याच्या जातीची वाळवलेली वनस्पती जाळत, आता विजेचे उपकरणही वापरतात.

वेदना कमी झाल्याचे काही अभ्यास सांगतात, परंतु सुई टोचल्याचे रुग्णापासून लपवणे अवघड असल्यामुळे आणि सायटिका अनेकदा काही आठवड्यांत आपोआप ओसरत असल्यामुळे, श्रेय नेमके कोणाचे हे ठरवताना मी सावध राहीन. सायटिकामागे अनेकदा असणारी मणक्यांमधली सरकलेली चकती सुईने जागेवर येत नाही. लघवीवरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरता आली, तर मात्र तातडीने रुग्णालयच गाठावे लागते.