मार्क्स कुठून वाचायला घ्यावा

पुतणीला यादी पाठवायची आहे. मार्क्स वाचायचाय, सुरुवात कुठून करू, असं तिने विचारलंय. वर पुस्ती जोडलीय, 'काका, तुमच्या पंथाची यादी नको.' टोमणा वर्मी बसला, कारण यादी करायला घेतली की ती पंथाचीच होत जाते. लेनिन पहिला ठेवला की एक मार्क्स उभा राहतो, इटलीचा ग्रामची ठेवला की दुसरा, जर्मनीतली फ्रँकफर्टची विचारवंत मंडळी ठेवली की तिसराच. म्हणून सगळ्या पंथांना थोडा वेळ बाहेर बसवून आधी खुद्द मार्क्सला आत घ्यायचं ठरवलं.

लोक पहिल्यांदा 'कम्युनिस्ट जाहीरनामा' हातात देतात. द्यावाच, एका बैठकीत वाचून होतो आणि अंगावर काटाही येतो. पण १८४८ सालचं ते पत्रक तिशीच्या आतल्या मार्क्स आणि एंगल्स या दोघांनी घाईत लिहिलेलं आहे. त्यात निष्कर्ष भरपूर आहेत, ते आले कुठून हे फारसं नाही. त्यातला काही भाग कालबाह्य झाल्याचं दोघांनीच १८७२च्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय.

माझी पहिली पसंती १८६५चं भाषण, 'मूल्य, किंमत आणि नफा'. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सभेत वेस्टन नावाच्या सदस्याने मांडलं होतं की मजुरी वाढली की भावही वाढतात, मग मजुरीसाठी लढून उपयोग काय? मार्क्सने त्याला उत्तर दिलं, तेही कामगार पुढाऱ्यांसमोर, त्यांना कळेल अशा इंग्रजीत. प्रत्येक वस्तू तिच्या मूल्यालाच विकली गेली तरी नफा कसा उरतो, हा सगळा सिद्धान्ताचा गाभा तिथे थोडक्यात सापडतो. मालक कामगाराचं काम विकत घेत नाही, त्याची श्रमशक्ती दिवसाच्या हिशेबाने घेतो. तिची किंमत काही तासांत भरून निघते, पुढच्या तासांत जे मालकाला फुकट मिळतं ते वरकड मूल्य. वेस्टनचा युक्तिवाद आजही रोज कानावर पडतो, त्यामुळे हे भाषण जुनं वाटत नाही.

मग 'भांडवल'. पहिला खंड, १८६७. बहुतेकांची गाडी पहिल्याच प्रकरणात रुतते, तिथे कापड आणि कोट एकमेकांचं मूल्य सांगत पानंच्या पानं बसलेले असतात. मार्क्सलाही याची कल्पना होती. कुगेलमान या मित्राला त्याने त्याच वर्षी कळवलं की तुमच्या पत्नीला कामाचा दिवस, सहकार्य, श्रमविभागणी, यंत्रं आणि मूळ भांडवलसंचय (भांडवल मुळात कसं गोळा झालं) ही प्रकरणं आधी वाचायला सांगा. १९६९मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ अल्थुसरनेही पहिला भाग सध्या बाजूला ठेवा असा सल्ला दिला. त्यावर कडक वाचकांचा आक्षेप असा, की मूल्यरूप, म्हणजे एका वस्तूचं मूल्य दुसरीत कसं दिसतं ते, न समजता पुढे गेलात तर हाती फक्त कारखान्यांचे अहवाल लागतील. आक्षेप खरा आहे, तरी मी कुगेलमानबाईंच्या रस्त्याने जा म्हणेन. पहिल्या प्रकरणाकडे नंतर परत यावंच लागतं.

कामाच्या दिवसाचं प्रकरण आज पुन्हा काढून बसलो. १८६३चा जून, लंडन, मेरी अ‍ॅन वॉकली, वय वीस. दरबारी नाचासाठी बायकांचे पोशाख शिवत सलग साडेसव्वीस तास काम, एका खोलीत तीस मुली, गरजेच्या एक तृतीयांश हवा. ती मेली. डॉक्टरने कारण सांगितलं, गर्दीच्या खोलीत फार वेळ काम. पंचांनी मात्र मेंदूचा झटका हे कारण धरलं आणि जास्त कामाने मरण लवकर आलं असावं एवढंच जोडलं. हे लिहिणारा माणूस त्याच प्रकरणात शांतपणे दाखवतो की विकत घेतलेली वस्तू पुरेपूर वापरायचा मालकाचा हक्क आणि आपली वस्तू फार झिजू न देण्याचा कामगाराचा हक्क, दोन्ही बाजाराच्या नियमाने बरोबरच आहेत. मग निकाल लागतो तो ताकदीवर. वर्गसंघर्ष म्हणजे काय हे मला जाहीरनाम्यापेक्षा इथे जास्त कळलं.

आता पंथ. ते कोणी काय वाचलं होतं यावरून पाहिले की बरेचसे उलगडतात. परात्मतेवर, म्हणजे आपलंच काम आपल्याला परकं होण्यावर, लिहिणारा तरुण मार्क्स, १८४४च्या हस्तलिखितांतला, पूर्ण छापला गेला १९३२मध्ये. जर्मनीतली क्रांतिकारक रोझा लक्झेंबर्ग १९१९ला मारली गेली, लेनिन १९२४ला गेला. म्हणजे ज्या मार्क्सवर पुढे 'मानवतावादी' मार्क्सवाद उभा राहिला, तो या दोघांच्या हाती पडलाच नव्हता.

पंथ एकेकटे वाचण्यापेक्षा भांडणं वाचावीत. जर्मन समाजवादी बर्नस्टाईन म्हणाला की भांडवलशाही कोसळायची वाट पाहू नका, सुधारणांनीच समाजवाद येईल. रोझाने त्याला तिथल्या तिथे घेतलं. पण खरी जोडी लेनिनचं १९१७चं 'राज्य आणि क्रांती' आणि रोझाने १९१८मध्ये तुरुंगात रशियन क्रांतीवर लिहिलेलं टिपण. तो म्हणतो की अधिकारी निवडलेले असावेत, हवे तेव्हा परत बोलावता यावेत, पगार कामगाराएवढा असावा. ती बोल्शेविकांच्या, म्हणजे लेनिनच्या पक्षाच्या, धाडसाला सलाम करते आणि बजावते की निवडणुका, छापखाने आणि सभा मोकळ्या नसतील तर सार्वजनिक जीवन सुकून फक्त नोकरशाही उरेल. टिपण छापलं गेलं तिच्या मृत्यूनंतर, १९२२मध्ये.

स्टालिनचं १९३८चं छोटं पुस्तक, द्वंद्वात्मक आणि ऐतिहासिक भौतिकवादावरचं, यादीत घालणार नाही. वाचायला अगदी सोपं, तीच त्याची खोड. समाज ठरल्या पायऱ्यांनीच चढतो असं ते वाचून डोक्यात पक्कं बसतं. उतारा म्हणून रशियन क्रांतिकारक व्हेरा झासुलिचला मार्क्सने १८८१मध्ये लिहिलेलं पत्र घालतोय. शेतकऱ्यांना जमिनीवरून उपटण्याचं 'भांडवल'मधलं वर्णन पश्चिम युरोपापुरतं आहे, असं तो त्यात स्पष्ट म्हणतो. पत्र छोटं, त्याचे कच्चे खर्डे कितीतरी मोठे.

ग्रामची दुसऱ्या फेरीत. तुरुंगातल्या वह्या आहेत त्या, पुस्तक नव्हे. अल्थुसरवर इंग्रज इतिहासकार इ. पी. थॉम्पसनने १९७८मध्ये केलेला हल्ला तिसऱ्या फेरीत, कारण तोवर कोण कोणाला का झोडपतोय हे कळणार नाही, फक्त झोडपण्याची मजा येईल.