वाढदिवसाचा फ्लेक्स आणि माडाची झापं

जुलैत वेंगुर्ल्याच्या बाजूला माझा फोन वाजला की निम्म्या वेळा विषय कोंबड्यांचाच असतो. मेअखेरीस घेतलेली गिरिराज जातीची पिल्लं तोवर अंगाने भरलेली असतात आणि पाऊस सगळीकडून घुसत असतो. त्या दिवशीही तसंच झालं. "डॉक्टरांनू, कोंबये मरतत. रगात हगतत."

पोचलो तेव्हा वहिनींनी मेलेली तलंग केळीच्या पानावर काढून ठेवलीच होती. पडवीतच ती उघडली. कोंबडीच्या आतड्याच्या शेवटाला दोन आंधळ्या पिशव्या असतात. त्या बोटाएवढ्या फुगून काळपट रक्ताने ठासल्या होत्या. रक्ती हगवण. अँप्रोलियम पाण्यातून द्यायला सांगितलं. पण औषध ही अर्धीच गोष्ट. हे जंतू विष्ठेतून पडतात आणि ऊब नि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत पुढच्या कोंबडीला लागायला तयार होतात. कोरड्या भुशात त्यांचं तितकंसं जमत नाही. म्हणून खुराडं बघायला गेलो.

दहा बाय आठचं खुराडं. खाली दीड फूट जांभ्या चिऱ्याची भिंत, वर मंगलोरी कौलं. मधल्या भागाला तीन बाजूंनी जुन्या कपाटांचा प्लाय ठोकलेला, आणि पश्चिमेला कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, छापील बाजू आत करून. म्हणजे पन्नास कोंबड्या दिवसभर हात जोडलेल्या साहेबांसमोर. वाऱ्याला कुठे फट म्हणून नाही. आत उभं राहिलं तर फारसं जाणवत नव्हतं. कोंबडीच्या उंचीला उकिडवा बसलो आणि डोळ्यांतून पाणी आलं. अमोनिया. मूठभर भुसा दाबला तर लाडू वळला.

"पाऊस भुतूर येता म्हणान बंद केलंय," वहिनी म्हणाल्या. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं, पाऊस येतच होता. पण पन्नास कोंबड्या जेवढं पाणी पितात त्यातलं बरंचसं श्वासातून आणि विष्ठेतून त्याच खोलीत सोडतात. बाहेरची ओल अडवताना आतली कोंडली गेली होती. प्लायचंही तेच. खालच्या कडेला नख लावलं तर पापुद्रे सुटून हातात आले. साधा कमर्शियल प्लाय घरातल्या कपाटासाठी असतो, कोकणातल्या पावसात तो टिकत नाही. मरीन प्लाय टिकतो, पण त्याच्या किमतीत दुसरी पन्नास पिल्लं येतील.

एवढ्यात धाकटे दीर करवत घेऊन आले. मागच्या गोठ्याचे फुटके सिमेंटचे पत्रे पडले होते, ते कापून लावायचे म्हणत होते. करवत तिथेच थांबवली. त्या जुन्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. कापताना उडणारी धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. फुकट मिळालेली ही एक वस्तू मात्र मी घेऊ दिली नाही.

मग छत्री घेऊन खुराड्याभोवती चक्कर मारली. पश्चिम आणि दक्षिण बाजू वरपर्यंत चिंब. पूर्वेला जमिनीवरून उडालेल्या शिंतोड्यांची वीतभर ओल, आणि उत्तर जवळजवळ कोरडी. मग चारही बाजूंना एकच साहित्य कशाला? वहिनींनी सांगून टाकलं होतं की पाच हजारांच्या वर एक पैसा निघणार नाही. त्यातला मोठा वाटा मी जाळीत आणि वळचणीत घालायला लावला. वळचण जेमतेम फूटभर होती. रिपा पुढे काढून पत्र्याने ती तीन फुटांवर नेली, तर पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात आणि भिंतीला काय लावायचं हा प्रश्नच निम्मा होतो.

उत्तर आणि पूर्वेचा प्लाय काढून अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंगने जोडलेल्या तारांची चौकोनी जाळी. नेहमीची षटकोनी कोंबडीजाळी स्वस्त असते, पण ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. मुंगूस आणि सापाचं तर नावच नको. पश्चिम-दक्षिणेलाही आतून तीच जाळी, आणि बाहेरून माणग्याच्या, म्हणजे इकडच्या बांबूच्या, चौकटीत बसवलेली चुडतांची झापं, जमिनीपासून वीतभर वर. माड दारात, माणगा बांधावर, विणायला सासूबाई. त्यांनी पहिलं झाप माझा चहा संपायच्या आत विणलं. पावसात तोडलेल्या ओल्या माणग्याला भुंगा लागणारच, ही यंदापुरती सोय. दिवाळीनंतर वाळलेला माणगा घ्या आणि होडीवाले लावतात तसं काजूच्या टरफलाचं तेल फक्त बाहेरून लावा, असं सांगितलं. हाताला फडकं गुंडाळूनच. कातडीला लागलं तर फोड येतात.

साहेबांना मात्र टाकलं नाही. फ्लेक्सची खालची कड चिऱ्याला पक्की केली आणि वरची दोरीवर घेतली. पोल्ट्रीचा पडदा वरून खाली उघडायचा असतो. गार झोत थेट कोंबड्यांच्या अंगावर येत नाही आणि उबदार घाण हवा वरच्या फटीतून निघून जाते. झड आली की पडदा चढवायचा, पण वरचा हातभर भाग रात्रीही मोकळा.

सगळा भुसा खरवडून काढला, चुना मारला, भाताचं तूस पसरलं. रोज सकाळी ते उलथायचं काम थोरल्या मुलीकडे. मर आठवड्याभरात थांबली.

दिरांना अजून झापं पसंत नाहीत. एक-दोन पावसाळ्यांत कुजतील म्हणतात, आणि ते खरंच आहे. पुढच्या मे महिन्यात पश्चिमेला जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पत्रा लावायचा त्यांचा बेत आहे. म्हटलं, लावा. पण समुद्र जवळ आहे, नुसती जाडी बघून पत्रा घेऊ नका. जस्ताचा थर चौरस मीटरला १२० ग्रॅमचा की २७५ चा ते दुकानदाराला विचारा आणि २७५ चाच घ्या. आणि त्याची खालची कड चिऱ्याच्या वर ठेवा, कोंबडीची विष्ठा लागली की जस्त आधी तिथेच खाल्लं जातं. दुकानदार आकडा सांगेना, तर तिथून बाहेर पडा.