पानशेतचा गाळ आणि घडीची खुर्ची

पानशेत म्हटले की पुणेकराला १२ जुलै १९६१ चा पूर आठवतो. मला मात्र गेल्या एप्रिलपासून तिथला गाळ आठवतो, आणि त्या गाळात रुतलेली माझी घडीची खुर्ची.

गळाने मासे धरताना बसायला म्हणून ती मी पेठेतल्या एका दुकानात, गुळगुळीत फरशीवर बसून पाहून निवडली होती. ॲल्युमिनियमची नळी, तीन किलोच्या आत वजन, खांद्याला अडकवायची पिशवी आणि पेला ठेवायला जाळीचा कप्पा, एवढ्यावर मी भुललो. तिच्या पायांकडे पाहण्याचे सुचलेही नाही.

पहाटे निघालो. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसांच्या गाड्या अजून लागायच्या होत्या, आणि ती गर्दी टळली यातच मला निम्मी सहल वसूल झाल्यासारखे वाटले. डोणजे, खानापूर मागे टाकून धरणाच्या फुगवट्यापाशी पोहोचलो आणि परवानगीचे काम उरकून काठावर खुर्ची मांडली. उन्हाळ्यात पाणी मागे हटते; उघडा पडलेला काठ वरून वाळून भेगाळतो, पण आतून लोण्यासारखा मऊच राहतो.

कणकेची गोळी लावून गळ टाकला. अर्ध्या तासाने काठीचे टोक असे वाकले की मी सवयीने ती मागे खेचली, आणि त्यासरशी अंगाचा सगळा भार खुर्चीच्या मागच्या दोन पायांवर गेला. ते वीतभर आत गेले, कोपर खुर्चीच्या हाताला अडकले, मी उताणा पडलो आणि दोरा सैल झाला. मासा रोहू होता की कटला, हे आता त्यालाच ठाऊक.

घरी आल्यावर हिशेब मांडला. माझे वजन ७८ किलो आणि चारही नळ्यांची टोके मिळून जेमतेम २० चौरस सेंटीमीटर, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे चार किलो भार. दोन तळव्यांवर उभे राहिल्यास तोच भार पाव किलोच्या आसपास येतो.

शेजारी उकिडवे बसून गळ टाकणाऱ्या आजोबांना असल्या हिशेबाची गरज नव्हती. "पाव्हणं, दगड काय वाईट व्हता बसाया?" असे म्हणत त्यांनी मला उठवले, होडीजवळ पडलेली एक फळी आणून मागच्या पायांखाली सरकवली आणि वर अर्धी भाकरी व ठेचाही दिला. वाटेवरच्या झगमगीत हॉटेलांत मला बिलाशिवाय पाणीसुद्धा कुणी विचारलेले नाही. दुपारपर्यंत दोन चिलापी मिळाल्या. परतीचा प्रवास सांगण्याजोगा नव्हता.

पुढच्या आठवड्यात त्याच दुकानात जाऊन मी खुर्च्या उलट्या करून पाहू लागलो. हात नसलेली, प्रत्येक पाय उतारानुसार वेगळा लांब-आखूड करता येणारी आणि पायांना पसरट चकत्या असलेली एक सापडली. दहा सेंटीमीटर व्यासाच्या चार चकत्या म्हणजे ३०० चौरस सेंटीमीटरांहून अधिक टेकण. वजन मात्र जुनीच्या जवळजवळ दुप्पट होते, आणि गाडीपासून पाण्यापर्यंतची पायपीट आठवून माझा खांदा आधीच कुरकुरू लागला.

"काका, बसून तरी बघा," विक्रेता म्हणाला.

"बसतो, पण आधी कुंडीतली थोडी ओली माती मिळेल का?"