कीशचा कीस

रविवार, रात्री साडेदहा

आज तिसरा कीश झाला. कीश म्हणजे पारीत अंडी-क्रीमचं मिश्रण ओतून ओव्हनमध्ये भाजायचा फ्रेंच पदार्थ. आधीचे दोन कुणापुढे ठेवण्याजोगे नव्हते. खाल्ले मात्र आम्हीच, कारण पाच अंडी आणि वाटीभर चीज टाकून द्यायला हात धजला नाही.

बिनपारीचा करायचं ठरवलं ते निव्वळ आळसापोटी. रीतसर कीश म्हणजे आधी मैदा-लोण्याची पारी मळा, थंड करा, लाटा, साच्यात बसवा, फुगू नये म्हणून वर वजन ठेवून रिकामीच अर्धीकच्ची भाजा आणि मग कुठे अंडी फोडायला घ्या. एवढी उस्तवार कोण करणार? पारी गाळली की उरतं काय? अंडी, दूध, क्रीम, चीज आणि थोडी भाजी. फेटायचं, ओतायचं, ओव्हनमध्ये सरकवायचं. लॉरेनमधल्या जुन्या बायकांनी नाकं मुरडली असती. फ्रान्सच्या ईशान्येला, जर्मनीला लागून असलेल्या या मुलखातला हा पदार्थ, आणि त्याच्या नावाचं मूळही जर्मन ‘कूखन’मध्ये, म्हणजे केकमध्ये आहे असं मानतात. पण त्यांच्या मूळच्या कीशमध्ये म्हणे चीजच नव्हतं, फक्त अंडी, क्रीम आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे. म्हणजे चीज मागाहून आलं ते चाललं, मग पारी गेली तर काय बिघडलं?

बिघडलं, तेही भरपूर.

गेल्या रविवारी पारीवाल्या कृतीतलंच तापमान उचललं, 190 अंश. पातळ काचेचं भांडं, चाळीस मिनिटं. बाहेर आला तेव्हा टम्म फुगलेला, वरून सोनेरी, आणि मी खूश. पाच मिनिटांत मधोमध खचला. सुरी घातली तर कडा रबरासारख्या चिवट, आत बारीक बारीक जाळी पडलेली, आणि तुकडा उचलताच खाली फिकट हिरवं पाणी.

“आई, याला घाम फुटलाय.”

“पालकाचं पाणी आहे ते. गप खा.”

लेकीने निमूट खाल्लं, पण बशीतलं पाणी तुकड्याने टिपून घेतलं नाही. त्या पोरीच्या बाबतीत एवढी टीका पुरेशी असते.

मग सगळा दोष पालकावर ढकलून बुधवारी भाजीच्या मागे लागले. पालकात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, मशरूमचंही तेच. पाव किलो पालक नुसता गरम कढईत मऊ केला, गार होऊ दिला आणि फडक्यात बांधून पिळला. एकदा पिळून झाला असं वाटलं, फडकं उलटं फिरवून पुन्हा पिळला तर पुन्हा तेवढंच पाणी. शेवटी मुठीत मावेल एवढा गोळा उरला. मशरूमचं त्याहून गमतीचं. तेल न घालता कोरड्या कढईत टाकले की आधी नुसते पडून राहतात, मग पाणी सुटतं आणि आपल्याच पाण्यात रटरटत बसतात. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. थांबलं की पाणी आटतं, रटरट जाऊन चुरचुर सुरू होते, आणि तुकडे कढईला धरायला लागतात. आवाज बदलला की झालं, डोळ्यांनी बघायचीही गरज नाही. तेल, मीठ, कांदा वगैरे त्यानंतर.

बुधवारचा कीश मधोमध खरंच छान होता. पण कडेचे दोन बोटं तसेच चिवट, आणि बशीत पाणी, कमी का होईना, होतंच. यावेळी मात्र ते हिरवं नव्हतं.

त्या रंगावरून डोक्यात प्रकाश पडला. हे पाणी पालकाचं नाही, अंड्याचं आहे. अंड्यातली प्रथिनं तापली की उलगडतात, एकमेकांत अडकतात आणि त्यांचं जाळं तयार होतं. त्या जाळ्यात दूध-क्रीम धरून ठेवलेलं असतं, म्हणून तर पातळ मिश्रण वडीसारखं उभं राहतं. पण आच चालूच ठेवली तर जाळं आवळत जातं आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतं, मी फडक्यात पालक पिळला तसंच. आत 75 ते 77 अंश झाले की काढायचा, 85 च्या पुढे गेला की घाम फुटणारच. आणि कडा आधी का जातात? कारण तिथे मिश्रण थेट तापलेल्या भांड्याला टेकलेलं असतं. पारी असती तर ती मध्ये उभी राहिली असती, भांड्याची आच हळूहळू आत सोडली असती आणि सुटलेलं थोडं पाणीही पिऊन टाकलं असतं. मी समजत होते पारी म्हणजे नुसतं ताटलीचं काम करणारी वस्तू. तिला काढून टाकली, तिचं काम मात्र कुणाकडे सोपवलं नाही.

(शब्दांचा कीस काढावा तसा मी या कीशचा काढते आहे, कळतंय मला.)

आज ते काम पाण्यावर सोपवलं. जाड चिनी मातीचं भांडं, लोणी चोपडलेलं, ते एका मोठ्या ट्रेमध्ये, आणि ट्रेमध्ये भांड्याच्या निम्म्या उंचीपर्यंत गरम पाणी. ओव्हन 160 वर. बाहेर काहीही चालू असो, पाणी काही 100 च्या वर जात नाही, त्यामुळे कडांना तेवढंच संरक्षण. पाच अंड्यांना दूध आणि क्रीम मिळून दीड कप, म्हणजे साधारण 360 मिलिलिटर. पारीवाल्या कीशमध्ये एका अंड्याला अर्धा कपही चालतं, पण इथे बाजूंनी आधार नाही, म्हणून हात आखडला. फेटताना फेस होऊ दिला नाही, कारण फेसातली हवाच फुगवते आणि मग खचवते. हलक्या हाताने मिसळून गाळणीतून गाळलं.

चमचाभर कॉर्नफ्लोअर घातलं की फाटायची भीती कमी होते, हेही खरं आहे. पिष्ट प्रथिनांना एकमेकांत फार आवळू देत नाही. पण जीभ फसत नाही, तो मऊपणा जरा पिठूळ लागतो. मला तो नको होता.

पस्तीस मिनिटांनी दार उघडून भांडं हलकेच हलवलं. सगळा पृष्ठभाग पाण्यासारखा हिंदकळला, दार बंद. पुन्हा आठ मिनिटांनी कडा गप्प, फक्त मधला तळहाताएवढा भाग डुगडुगत होता. नेमक्या याच क्षणी ‘अजून पाचच मिनिटं’ असं वाटतं, आणि मागचे दोन्ही त्या पाच मिनिटांनी घालवले होते. थर्मामीटर टोचला, 76. काढला.

“कच्चा आहे अजून. हलतोय बघ.”

“हलू दे. आपल्याच उष्णतेवर होईल.”

“झाला नाही तर?”

“तर तू नूडल्स करशील.”

वीस मिनिटं भांड्याला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं. मीच दोनदा बोट लावून पाहिलं. फुगला नव्हता, म्हणून खचलाही नाही. सुरी स्वच्छ बाहेर आली, तुकडा सरळ कडांचा निघाला, आतून एकसारखा, एकही छिद्र नाही, हिरवे-तपकिरी तुकडे जिथल्या तिथे. कडेचा घासही मधल्यासारखाच मऊ.

उरलेला दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला. तीन दिवस पुरेल असं म्हणायला हरकत नाही, पण चिन्हं तशी दिसत नाहीत.

लेकीने खाऊन झाल्यावर बशी तिरकी करून दिव्याखाली धरली. थेंब नव्हता.

“मीठ कमी आहे,” ती म्हणाली.

आहेच. चीज खारट म्हणून मी घाबरत घाबरत घातलं होतं. पुढच्या वेळी पाव चमचा जास्त.