लेहच्या थंडीत धावताना अंगात काय घालावं

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सहा दिवस लेहला होतो. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे, तिथे पुण्याच्या मानाने प्राणवायू बराच कमी. म्हणून पहिले दोन दिवस बाजारात सावकाश फिरलो, धावलो नाही. कितीही हुरूप आला तरी तुम्हीही धावू नका.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला निघालो तेव्हा तापमान 1 अंश होतं. आत सुती बनियन, वर सुती टी-शर्ट, त्यावर फ्लीसचं जाड जाकीट. खारदुंग ला या खिंडीच्या रस्त्याने गंगलेस गावाच्या दिशेने चढ सुरू केला आणि पंधरा मिनिटांत घामाघूम झालो. हवा इतकी कोरडी की कपाळावरचा घाम लगेच उडून जातो, त्यामुळे अंगातल्या घामाचा पत्ताच लागत नाही. पाठीला हात लावला तर बनियन चिंब.

खरी थंडी वाजली ती मागे फिरल्यावर. उतारावर वेग वाढतो, समोरून वारा लागतो, पण अंगाला श्रम कमी पडतात, म्हणजे ऊब कमी तयार होते. त्यात सुती कपडा पाणी धरून बसतो. गेस्ट हाउसवर आलो तेव्हा बुटाची नाडी सोडायला बोटं वळत नव्हती. घरच्या आमा-लेंनी (लडाखीत आई) बुखारीपाशी, म्हणजे शेगडीपाशी, बसवून गुरगुर चहा (लोणी-मिठाचा चहा) दिला, तेव्हा कुठे हुडहुडी थांबली.

चौथ्या दिवसापासून जाकीट खोलीत राहिलं. अंगाला नीट बसणारा, पूर्ण बाह्यांचा पॉलिएस्टरचा टी-शर्ट आणि वर चेनचं पातळ विंडचीटर, बस. मेरिनो लोकरीचा टी-शर्ट असेल तर उत्तमच, ओला झाला तरी ऊब देतो. पायांना एकच टाइट्स पुरते. हातमोजे आणि कानटोपी मात्र विसरू नका. नाकावर बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) ओढला की कोरड्या हवेने घसा जळजळत नाही.

पळणारे लोक तापमानात 8-10 अंश मिळवून कपडे निवडतात, म्हणजे बाहेर 1 अंश असेल तर 9-11 अंशांत एरवी घालू तसे. लेहमध्ये दम लागून मध्येमध्ये चालावं लागतं, म्हणून मी 5च मिळवले. निघताना थोडी थंडी वाजायलाच हवी. चढावर घाम यायच्या आधी चेन उघडायची आणि परत फिरण्याआधी गळ्यापर्यंत लावायची. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

चोगलमसरकडे गेलात तर उलटा हिशोब: जाताना उतार आणि सावली, येताना चढ आणि कडक ऊन. तेव्हा विंडचीटर कमरेला बांधावं लागतं. गॉगल आणि सनस्क्रीनही लावा.

खोलीवर आल्यावर आधी ओला टी-शर्ट बदला, स्ट्रेचिंग नंतर. दोन टी-शर्ट मला सहा दिवस पुरले. सकाळी धुतलेला दुपारपर्यंत खडखडीत वाळतो, फक्त रात्री बाहेर दोरीवर राहू देऊ नका.