आत्या, गाडी कोणती घेऊ?

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. एवढ्या उशिरा माहेरचा फोन आला की आधी पोटात गोळा येतो. पण त्याला विचारायचं होतं, "आत्या, गाडी कोणती घेऊ?"

तो दोन वर्षांपूर्वी आमच्याच लाइनीत, म्हणजे घरांच्या दलालीत आला. पुण्यात पुनावळे-ताथवडे पट्ट्यात नवीन प्रोजेक्टांची बुकिंगं करतो. स्वतःला सीपी म्हणवतो, म्हणजे चॅनेल पार्टनर. मी एजंट म्हणते, आमची आई अजून दलालच म्हणते. त्याचं ठरलेलंच होतं, मोठी पांढरी एसयूव्ही, 12 लाखांचं कर्ज, सात वर्षं. मी फक्त 'घे बाळा' म्हणायचं बाकी होतं. "बिल्डरच्या मीटला सगळे मोठ्या गाडीतून येतात गं. मी ओला करून जातो. पार्टीला काय वाटत असेल?" पार्टी म्हणजे आमच्या भाषेत गिऱ्हाईक.

मी पेन घेऊन बसले. नऊ टक्क्यांनी हप्ता 19,300 च्या आसपास येतो. आमच्या भागात बऱ्या टू-बीएचकेचं भाडं 22-25 हजार आहे, आणि भाड्याच्या व्यवहारात आपल्याला मिळतं एका महिन्याचं भाडं. म्हणजे दर महिन्याला एक आख्खा भाड्याचा व्यवहार गाडीला वाहायचा. इन्शुरन्स, डिझेल, टायर वेगळे. तो म्हणाला, "पण इम्प्रेशन?"

इम्प्रेशनबद्दल मला बरंच बोलायचं आहे, आणि फोनवर तो ऐकत नव्हता, म्हणून इथे लिहिते.

मी 2009 मध्ये सिंहगड रोडला भाड्याचे फ्लॅट दाखवायला लागले, तेव्हा माझ्याकडे अॅक्टिव्हा होती. डिकीत चाव्यांचा जुडगा, त्याला दोऱ्याने बांधलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या, आणि हँडलला कापडी पिशवी. उन्हाचा स्कार्फ घट्ट बांधलेला. एकदा वडगावजवळच्या एका मोठ्या सोसायटीत गेले तर वॉचमनने दुसरंच रजिस्टर पुढे केलं. कामवाल्या बायकांचं. "कुठल्या फ्लॅटला जाताय मावशी, ते लिहा." मागून माझी पार्टी त्यांच्या गाडीतून येत होती, त्यांना त्याने सलाम ठोकून आत सोडलं. मी रजिस्टरमध्ये सही केली. वाद घालायला वेळ नव्हता, पार्टी पार्किंगमध्ये उभी होती. काम करून पोट भरणाऱ्या बायकांच्या यादीत नाव गेलं यात कमीपणा काही नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी घरी येऊन रडले होते.

तर हो, गाडी बघतात. नाही बघत असं म्हणणारा खोटं बोलतो. पण कोण बघतं आणि काय बघतं, ते वेगवेगळं असतं.

वॉचमन बघतो तो आकार. त्याला ठरवायचं असतं की गेट उघडायचं की नाही. विकायला काढलेल्या फ्लॅटचा मालक बघतो तो गॅलरीतून, तुम्ही पार्क करत असताना, चहाचा कप हातात घेऊन. तो हिशोब करतो की हिच्याकडे खऱ्या पार्ट्या असतील का नुसतीच चाव्या गोळा करत फिरते. आनंदनगरला एका मालकांनी मला किल्ली दिली नव्हती, आणि माझ्यानंतर आलेल्या माणसाला दिली. त्याच्या गाडीची लांबी त्यांनी मला नंतर कौतुकाने सांगितली होती.

घेणारी पार्टी मात्र वेगळ्या नजरेने बघते, आणि ते मला फार उशिरा कळलं. त्यासाठी एक मोठी चूक करावी लागली.

2017 साल. नोटबंदीनंतर बाजार थंड होता. 1 मे ला रेरा, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर नियमन आणणारा कायदा, लागू झाला आणि आम्हा एजंटांनाही नोंदणी करावी लागली. सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा मला एकदम वाटलं, आपण आता कोणीतरी आहोत. नोंदणीकृत एजंट अॅक्टिव्हावर फिरतो का? मग एक सेकंडहँड सेदान घेतली. रुपेरी, लांबलचक, लेदरच्या सीटा. कंपनीचं नाव सांगत नाही, गाडीची चूक नव्हती. पहिल्या आठवड्यात मी ती सोसायटीत दोनदा उगाचच धुतली.

पहिलीच मोठी पार्टी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले एक सर आणि त्यांच्या मिसेस. माणिकबागेतला रीसेलचा फ्लॅट, 70 लाख. त्यांच्या दारात गाडी लावली, मागचं दार उघडून उभी राहिले. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्या आधी सीटकडे बघत राहिल्या, मग सरांच्या खांद्याला धरून हळूहळू खाली गेल्या. विहिरीत उतरल्यासारख्या. बाहेर पडताना मला आणि सरांना दोन्ही हात धरून त्यांना वर ओढावं लागलं. त्या दिवशी आम्ही तीन फ्लॅट बघणार होतो. दुसऱ्यानंतर त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं बघून या, मी इथेच बसते." घर त्यांच्यासाठी घ्यायचं होतं, लिफ्टची बिल्डिंग हवी ती त्यांच्या गुडघ्यासाठी, आणि तिसरा फ्लॅट त्यांनी पाहिलाच नाही, कारण माझी गाडी खाली होती.

व्यवहार तरी झाला, दुसऱ्या फ्लॅटचा. मग ब्रोकरेजचं बोलणं निघालं. सर माझ्यासमोर वहीत आकडे मांडत होते, फळ्यावर लिहावेत तसे एकाखाली एक. मुद्रांक शुल्क पुण्यात तेव्हा 6 टक्के, म्हणजे 4 लाख 20 हजार. नोंदणी 30 हजार. वकील, सोसायटीची ट्रान्सफर फी, रंगकाम. शेवटी मी, 2 टक्के, 1 लाख 40 हजार. सरांनी चष्मा काढला, खिडकीतून खाली पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "गाडी छान आहे हो तुमची. दोन टक्क्यांत बसते वाटतं?"

एक टक्क्यावर तोडलं. 70 हजार.

त्या रात्री मला उजाडलं. पार्टीच्या त्या वहीत सरकारशी घासाघीस होत नाही. रजिस्टर ऑफिसात कोणी म्हणत नाही, साहेब थोडं कमी करा. बँक ऐकत नाही. मालकाशी भावाची ओढाताण आधीच होऊन गेलेली असते. सगळ्या आकड्यांमध्ये दाबता येतो असा एकच आकडा उरतो, आणि त्या आकड्याची बाई खाली रुपेरी सेदान लावून आलेली असते. म्हातारी माणसं तर फार सूक्ष्म बघतात. त्यांनी आयुष्यभर पीएफमध्ये जमवलेलं असतं, त्यातून माझी लेदरची सीट शिवली जातेय असं वाटलं तर त्यांचं काय चुकलं?

सेदान दीड-दोन वर्षं वापरली, हप्त्यांनी जीव नकोसा केला. 2019 मध्ये विकून वॅगनआर सीएनजी घेतली. पांढरी. सीट उंच, साडी नेसलेली बाई कमरेत न वाकता आत सरकते. गुडघेवाल्यांची तर आवडती गाडी. एक गोम आहे, डिकीत सिलेंडर असल्यामुळे व्हीलचेअर मावत नाही. एका आजोबांची घडी केलेली व्हीलचेअर मी पुढच्या सीटवर ठेवून तिला बेल्ट लावला होता. बेल्ट नसता तर गाडी वाजत राहिली असती. आजोबा मागून म्हणाले, "हिचं पण भाडं लागणार का?"

आता मागच्या सीटबद्दल, कारण माझ्या मते सगळं तिथे घडतं.

फ्लॅटमध्ये माणसं खरं बोलत नाहीत. मालक उभा असतो, मालकीणबाईंनी पाणी आणलेलं असतं, देवघरापुढे उदबत्ती असते. "छान आहे हं. व्हेंटिलेशन चांगलंय." खाली येतात, गाडीत बसतात, दारं लागतात. आणि मग शांतता. या शांततेत एजंटने तोंड उघडलं की मेला. मी नवीन असताना लगेच विचारायचे, "मग? कसं वाटलं?" आता नाही. गाडी सुरू करायची, रेडिओ बंद, एसी एकवर, आणि रस्त्याकडे बघायचं. सिंहगड रोडवर उड्डाणपुलाचं काम चालू होतं तेव्हा सगळे शिव्या घालायचे. मी मनातून खूश असायचे. दहा मिनिटांच्या रस्त्याला चाळीस मिनिटं लागायची आणि मागे आख्खं घर मोकळं व्हायचं. "ओट्यावर उजेडच नाही." "तुझ्या आईला कुठली खोली?" "हप्ता किती बसेल, खरं सांग." एकदा एक मुलगी नवऱ्याला म्हणाली, "मला नकोय हे घर, इथून माझं ऑफिस लांब पडतं, आणि हे मी तिसऱ्यांदा सांगतेय." मी दुसऱ्या दिवशी तिच्या ऑफिसच्या बाजूचे दोन फ्लॅट पाठवले. मी काही ऐकलं होतं असं दाखवलं नाही.

एक जोडपं मराठीत बोलता बोलता अचानक अहिराणीत शिरलं. पुण्यातल्या एजंट बाईला काय कळणार, असा विचार. तो म्हणाला, "घर बेस शे, पन भाव जास्ती शे." नवले पुलाच्या अलीकडे गाड्या थांबलेल्या. माझं माहेर खानदेशातल्या चोपड्याचं, अहिराणी घरचीच. मला राहवलं नाही, आरशात बघून विचारलं, "कोनता गावना शेतस तुम्ही?" दोन सेकंद कोणी श्वास घेतला नाही, मग ती बाई इतकी हसली की बाजूच्या रिक्षावाल्याने वळून पाहिलं. ते अमळनेरचे निघाले. भाव मी मालकाशी बोलून कमी करून घेतला, ते करावंच लागलं.

म्हणून गाडी बाहेरून काय दिसते यापेक्षा आत कसं बसायला होतं हे मी बघते. मागे सामान नाही. चपलांचा वास नाही. गाडीतल्या अत्तराचा तर अजिबात नाही, गरोदर बायकांना मळमळतं, आणि घर शोधणाऱ्यांत त्या किती असतात ते मोजून बघा. आरशाला काही लटकवलेलं नाही. पाण्याच्या दोन सीलबंद बाटल्या, छत्री, टिश्यू, आणि लहान मुलांसाठी पार्लेचा पुडा. तोही जाताना देते, आधी दिला तर सीटभर चुरा होतो.

बोट क्लब रोड, कोरेगाव पार्कमध्ये वेगळे नियम असतील. तिथे माझे मोजून दोन व्यवहार झाले. दोन्ही वेळा पार्टी त्यांच्या ड्रायव्हरसकट आली आणि मी काय चालवते हे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

जमिनीच्या धंद्यात मात्र भाच्याचं बरोबर आहे. मुळशी, भोरकडे प्लॉट दाखवणाऱ्यांना मोठी गाडी लागते, कारण शेवटचा दीड किलोमीटर रस्ताच नसतो. पण रस्ता हे निम्मं कारण. गुंठामंत्र्यांची, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने जमिनी विकून मोठे झालेल्यांची, पांढरी गाडी बघितलीत का कधी? डॅशबोर्डवर गणपती, मागे फलाण्या दादांचा स्टिकर, एसी असा की दात वाजावेत. त्या गाडीत तासभर बसून, त्यांच्याच पैशाने मिसळ खाऊन, माणूस सातबारा मागायला लाजतो. तुकडेबंदीचं, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे विकण्यावरच्या बंदीचं, विचारायला तर विसरतोच. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ असेच 2 गुंठे घेऊन बसलेत. 2,178 स्क्वेअर फूट, त्यांना पाठ झालंय. सातबाऱ्यावर अजून नाव लागलेलं नाही. "माणूस मोठा वाटला हो," एवढंच म्हणतात. ती गाडी तिचं काम चोख करते, फक्त ते काम पार्टीसाठी नसतं.

हे सगळं मी भाच्याला थोडक्यात सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, तुझी पार्टी म्हातारी असते. माझी आयटीवाली आहे. त्यांना लूक लागतो." असेल. त्याच्या पार्ट्या हिंजवडीहून सुटून स्वतःच्या गाडीने थेट साइटवर येतात, मग त्याची गाडी त्यांना दिसणार कुठे, हे मी विचारलं तर म्हणाला, "बिल्डरच्या सेल्सवाल्यांना दिसते ना." त्यावर मला उत्तर सुचलं नाही. वॉचमनचं रजिस्टर आठवलं. तो सत्तावीस वर्षांचा आहे, त्याला गेटवर कोणीतरी थांबवलं असणार, आणि ते तो मला सांगत नाहीये.

मी एवढंच म्हटलं, घ्यायचीच असेल तर आधी कोणाला तरी मागच्या सीटवर बसवून बघ. आजीला बसव. ती दिवाळीला येतेच आहे.

उद्या दहाला नऱ्ह्यात व्हिजिट आहे, तिघं जण, त्यातली एक सासू. गाडी धुणारा मुलगा गावाला गेलाय, त्यामुळे सकाळी बादली घेऊन मीच.