आमची वाटचाल: भाकरीचा भुगा आणि 22 पानांचा प्रस्ताव

2009 मध्ये सोलापूरला सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत आम्ही होम मैदानावर पहिल्यांदा टेबल मांडलं. टेबल म्हणजे शेजाऱ्यांकडून मागून आणलेली फळी. तिच्यावर दोन डबे शेंगा चटणी, एक डबा जवसाची आणि सुती धोतरात गुंडाळलेल्या कडक भाकरी. मिस्टरांची गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि हातात दुसरं काही नव्हतं. दोन दिवसांत माल संपला. तिसऱ्या रात्री मी आणि सासूबाई पुन्हा चुलीपुढं. सिद्धेश्वरांची कृपा म्हणा नाहीतर सासूबाईंचा हात म्हणा, धंदा तिथून सुरू झाला.

आज जुळे सोलापुरात स्वतःची जागा आहे. चौदा बायका कामाला आहेत, 47 दुकानांत माल जातो, आणि थेट गिऱ्हाइकाला कुरिअरनं वर्षाला 2,300 च्या आसपास पार्सलं जातात. मधली वर्षं चारचौघांच्या धंद्यासारखीच गेली. उलाढाल 12 लाखांच्या वर गेली तेव्हा अन्नसुरक्षेची साधी नोंदणी सोडून परवाना काढला. कोविडात आधी सगळं ठप्प, मग पुण्या-मुंबईच्या सोलापूरकरांचे फोनवर फोन. त्यात वेगळं असं काही नाही. सांगायचंय ते ॲपचं.

दोन वर्षांमागं आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा मुलगा आला. इंजिनिअर, पुण्यात नोकरी करून परत आलेला, दोघा मित्रांना घेऊन स्वतःचं ऑफिस थाटलेला. "काकू, तुमचं ॲप पाहिजे. आता व्हॉट्सॲपवर कोण ऑर्डर देतंय?" मी म्हणलं, सगळेच देतात की रे. तरी आठ दिवसांनी त्यानं 22 पानी प्रस्ताव आणून दिला. रंगीत, गुळगुळीत कागद. पहिल्या पानावर आमच्या चटणीचा फोटो इतका सुंदर होता की सासूबाईंनी तो कापून ठेवायला मागितला.

आकडा होता 4,60,000 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटीचे 82,800. सीए म्हणाले, मुलाच्या ऑफिसनं हे बिल जीएसटीच्या विवरणात नीट दाखवलं तर या जीएसटीची वजावट मिळेल. पण ती नंतर, खिशातून आधी जाणार. शिवाय सतराव्या पानावर बारीक अक्षरात दुसऱ्या वर्षापासून देखभाल 20 टक्के, म्हणजे 92,000, आणि सर्व्हरचे पहिल्या महिन्यापासून दरमहा 3,500. गूगलच्या दुकानात ॲप ठेवायला एकदाच 25 डॉलर आणि ॲपलला दरवर्षी 99 डॉलर लागतात, ते आमच्याकडं. हे पैसे किरकोळ, पण प्रस्तावात नव्हते, मुलानं तोंडी सांगितले.

मी रात्री वही घेऊन बसले. एका पार्सलमागं आम्हाला सगळं जाऊन साधारण 90 रुपये सुटतात. जीएसटी बाजूला ठेवला तरी पहिल्या वर्षाचा खर्च 5,02,000. भागिले 90. साडेपाच हजारांच्या वर जास्तीची पार्सलं, तेव्हा कुठं बरोबरी. दुसऱ्या वर्षापासून देखभाल आणि सर्व्हर मिळून 1,34,000, म्हणजे दरसाल दीड हजार पार्सलं नुसती ॲपला पोसायला. आणि ही गिऱ्हाइकं कोण? वहीतली नावं मोजली. वर्षात तीनदा किंवा जास्त वेळा मागवणारी 212. बाकीचे दिवाळीला एकदा, नाहीतर मुलगा हॉस्टेलला निघाला की एकदा. चटणीचा डबा दीड महिना पुरतो. तेवढ्यासाठी कोण फोनमध्ये आमचं ॲप सांभाळून ठेवणार? मी स्वतः गॅसवाल्यांचंसुद्धा ठेवलेलं नाही.

मिस्टर म्हणाले, सरळ नाही म्हणून टाक. पण मला वाटलं, मुलानं एवढी मेहनत घेतलीय तर निदान आपल्याला काय पाहिजे ते तरी नीट शोधावं. म्हणून पंधरा दिवस ऑर्डरच्या वहीत लाल पेनानं एक जास्तीचा रकाना आखला. आलेला प्रत्येक फोन कशासाठी, ते लिहायचं. सुनेनं आधी नाक मुरडलं, मग तीच चोख लिहायला लागली.

पंधरा दिवसांत "ऑर्डर कशी देऊ" विचारणारे चार फोन. "पार्सल कुठंय?" विचारणारे 61.

आम्हाला हे रोज ऐकू येत होतं, पण मोजलं नव्हतं. आणि कारण शोधायला गेलो तर ते पॅकिंगच्या टेबलावरच सापडलं. शेंगा चटणी कुटताना सुटलेलं तेल हीच तिची ओळख. ते तेल प्रवासात झिरपतं. पत्ता आम्ही स्केचपेननं खोक्यावर लिहायचो. तेल लागलं की पिनकोडचे शेवटचे दोन आकडे पसरायचे, आणि खोकं तिसऱ्याच गावी. भाकरीचं दुखणं वेगळं. ठाण्याच्या एका बाईंनी फोटो पाठवला होता, डब्यात सगळा भुगा. खाली लिहिलं होतं, "आमटीत चुरून खाल्ली, चव छान आहे, पण पाहुण्यांपुढं काय ठेवू?"

आता हा लाल रकाना घेऊन मी प्रस्ताव पुन्हा वाचला. त्यात लॉयल्टी पॉइंट होते, नशिबाचं चाक फिरवायचा खेळ होता, वाढदिवसाला आपोआप शुभेच्छा होत्या. पार्सल कुठं पोचलं हे दाखवायची सोय "दुसऱ्या टप्प्यात", वेगळे पैसे घेऊन.

आणखी दोन गोष्टी अडल्या. ॲप गूगलवर मुलाच्या ऑफिसच्या खात्यातून जाणार होतं. आमच्या ओळखीतल्या एका केटरिंगवाल्यांचं असंच झालेलं. बनवणारा दुसऱ्या गावी गेला, खातं त्याच्या नावावर, फोन उचलत नाही. गूगल तर दर काही काळानं ॲप नव्या अँड्रॉइडला साजेसं करायला लावतं. ते केलं नाही तर नवा फोन घेतलेल्या गिऱ्हाइकाला ते सापडतच नाही. आपल्या नावानं वैयक्तिक खातं काढायचं तर नियम असा की 12 माणसांनी सलग 14 दिवस ॲप तपासायचं, मगच ते सगळ्यांसाठी खुलं. माणसं कारखान्यात चौदा आहेत, पण पाच जणींकडं बटणाचा फोन!

दुसरी गोष्ट सोर्स कोडची, म्हणजे ॲपच्या मूळ लिखाणाची. आमच्या गिऱ्हाइकांत एक वकीलबाई आहेत. जवसाच्या चटणीचा डबा न्यायला आल्या तेव्हा त्यांना कागद दाखवला. त्या म्हणाल्या, बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन करून घेतलं तरी लेखी करार नसेल तर प्रोग्रॅमचा हक्क सहसा लिहिणाऱ्याकडंच राहतो. आणि हक्क लेखी दिला पण मुदत घातली नाही, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणं तो पाचच वर्षांपुरता धरतात. 22 पानांत यावर एक ओळ नव्हती. मुलाचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्यालाही हे माहीत नव्हतं, विचारल्यावर गोरामोराच झाला.

मी त्याला बोलावलं, समोर ताट ठेवलं आणि लाल रकाना दाखवला. तो बराच वेळ ते आकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काकू, ह्याला ॲप नाही लागत." तिथं तो मला आवडला.

त्याच मुलानं 28,000 रुपयांत एक शीट तयार करून दिलं. ऑर्डर त्यात भरली की लेबल छापलं जातं आणि संध्याकाळी कुरिअरची लिंक गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर जाते. कोडचा हक्क कायमचा आमचा, हे करारात पहिल्याच कलमात. लेबल आता प्लास्टिकच्या पाकिटात घालून चिकटवतो, तेल लागलं तरी पुसून काढता येतं. चटणीला आतून दुसरी पिशवी आली. भाकऱ्यांना मध्ये पुठ्ठ्याच्या चकत्या आणि खोकं एक माप मोठं केलं, त्यानं पार्सलमागं सहा रुपये वाढले. महिन्याभरानं पुन्हा पंधरा दिवस लाल रकाना आखला. "पार्सल कुठंय" 17.

ॲप आम्हाला कधीच लागणार नाही असं मात्र नाही. दुकानदारांचं गणित निराळं आहे. ते आठवड्याला माल मागवतात, उधारी असते, फुटलेल्या भाकरीची परती असते. लातूरचे एक दुकानदार अजून चिठ्ठीचा फोटो पाठवतात. त्यात "शें 20, ज 5, बा.भा. 30" एवढंच, आणि सून ते बिनचूक वाचते. पण ती माहेरी गेली की आम्ही सगळे त्या चिठ्ठीभोवती गोळा होतो.

परवा मुलगा दुकानदारांसाठीचा नवा प्रस्ताव देऊन गेला. दोन पानांचा आहे. सध्या भोगीच्या तिळाच्या भाकरीची घाई चाललीय. ती उरकली की वाचू.